व्याह्यांची गाडी बंद पडत नाही

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी माणसं असतील, त्यांत आमच्या व्याह्यांएवढा एका गाडीवर जीव टाकणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. गाडी कसली, तर हळदीच्या रंगाची, दोन दारांची, दोनच माणसं मावणारी आणि उंचीनं माझ्या कमरेला लागणारी परदेशी रेसची गाडी. वयानं माझ्या पोरापेक्षा थोरली. असल्या गाड्या शहरातले हौशी लोक रविवारी बाहेर काढतात, फडक्यानं पुसतात आणि परत झाकून ठेवतात म्हणे. आमचे व्याही तीच गाडी रोज सकाळी डेअरीला नेतात. शेजारच्या सीटवर दुधाची किटली ठेवतात आणि तिला पट्टा लावतात. स्वतःला मात्र लावत नाहीत. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "किटली सांडती पाव्हणं. मी कवा सांडलोय?"

मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. पण ही गोष्ट घडली तोवर ट्रॅक्टर अठरा वर्षं चालवलेला आणि माझा ट्रॅक्टर एकदाही रस्त्यात उभा राहिलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचं काम आहे.

विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात मुलखभर पसरलेली आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे व्याहीही मिसरूड फुटायच्या आत दक्षिणेत गेले आणि एका सराफाच्या आश्रयानं त्यांनी उभा जन्म मुशीपुढं काढला. म्हातारपणी गावाकडं परतायचं ठरलं तेव्हा त्या शेटनं त्यांना अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि कापड ओढून ही गाडी दाखवली. शेटच्या पोराची होती. पोरगं परदेशात राहिलं होतं. शेट म्हणाला, सोन्याची साखळी देऊ का ही गाडी नेता? माणसानं काय म्हणावं? आमच्या व्याह्यांनी गाडी मागितली. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "साखळी घालून डेअरीला जाता येत न्हाई." तीन दिवस चालवत गाडी गावात आणली तेव्हा सगळी आळी बघायला जमली. एका म्हातारीनं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "आनि वरचा भाग कवा येनार हाय?"

त्या दिवशी मला मानानं गाडीत बसवलं. बसवलं म्हणण्यापेक्षा सोडलं म्हणावं, आडात बादली सोडतात तसं. फेटा छताला घासून डोळ्यांवर आला, गुडघे छातीला लागले, आणि शेजारून जाणारी शेळी मला वरून बघत गेली. उतरायच्या वेळी दोघांनी दोन्ही बगलांत हात घालून, चिखलातून म्हैस काढावी तसं मला बाहेर काढलं. मी तिथंच सांगून टाकलं, की यापुढं या गाडीत माझं पाऊल पडणार नाही. आणि मी एकदा म्हटलं की म्हटलं.

या गाडीचे दिवे बाकीच्या वेळी कातडीखाली लपलेले असतात. बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. पण डावा दिवा आपल्या मर्जीचा. बटण दाबा न दाबा, वाटेल तेव्हा तो एकटाच वर येतो आणि परत खाली बसतो. एकदा बाजारच्या दिवशी स्टँडपुढं बचत गटाच्या पाच-सहा बाया उभ्या होत्या, आणि गाडीनं भर दुपारी त्यांच्याकडं बघून तीनदा डोळा घातला. बायांची कुजबूज सुरू झाली, एकीनं चपलेला हात घातला. व्याही उतरले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका. गाडीच्या मनात तसलं काय न्हाई." त्यावर ती बाई म्हणाली, "गाडीच्या नसंल, तुमच्या मनातलं सांगा." त्या दिवसापासून व्याही बाजारात शिरताना उजव्या हातानं गाडी चालवतात आणि डावा हात खिडकीतून... नाही, तो पोचत नाही. म्हणून त्यांनी त्या दिव्यावर आडवी चिकटपट्टी मारून घेतली आहे. तीही अधूनमधून सुटते.

सोनं गाळणाऱ्या माणसाच्या अंगात एक सवय मुरलेली असते. दुकानातली झाडलोट तो फेकत नाही. केर साठवतो, जाळतो, धुतो, कारण त्यात सोन्याचा कण असतो. व्याह्यांच्या घरी पाहुणा उठला की त्याला उंबऱ्यावर वहाणा झटकायला लावतात, अजूनही. तीच रीत त्यांनी गाडीला लावली. रोज संध्याकाळी गाडीखालची जागा झाडायची, केर चाळणीतून काढायचा, वरून लोहचुंबक फिरवायचं, आणि गाडीचं जे काही गळालं असेल ते कागदाच्या पुडीत बांधून वर लिहायचं, 'तासगावच्या अलीकडं सुटला, दारात पडला, आवाज आला नाही.' अशा पुड्यांनी पत्र्याचा एक डबा भरला आहे आणि तो कायम सीटमागं असतो. मी म्हटलं, "आवं, सोन्याचा केर साठवला तर सोनं मिळतं. ह्यो साठवून गंज मिळंल." ते म्हणाले, "पाव्हणं, जे पडलं ते गाडीनं टाकलं. म्हंजे त्याच्यावाचून तिचं चालतंय. ही ताकद तुमच्या ट्रॅक्टरात हाय का?"

'बंद पडली' हा शब्द तर त्या घरात चालतच नाही. गाडी उभी असली तर ती 'इस्वाट्याला' असते, म्हणजे विसाव्याला. पण एकदा त्या इस्वाट्याला तीन आठवडे लागले, आणि तो दोष गाडीचा नव्हता. पेट्रोल नीट पोचेना म्हणून मेकॅनिकनं आतला पितळी जेट काढून दिला. ज्वारीच्या दाण्याएवढा, मधून बारीक भोक असलेला. म्हणाला, काका, एवढा स्वच्छ करून आणा. आता स्वच्छ करणं म्हणजे काय, हे गलाईवाल्याला तुम्ही सांगणार? व्याह्यांनी जपून ठेवलेली बाटली काढली, पेल्यात सोनं पारखायचं तेजाब ओतलं, त्यात जेट टाकला आणि जेवायला बसले. ताकभात होईपर्यंत पेल्यात हिरवं पाणी झालं आणि जेट कुठं दिसेना. मी तिथंच होतो. व्याह्यांनी पेला उजेडात धरला, दोनदा हलवला, आणि अशिलाची बाजू पडलेल्या वकिलासारखा चेहरा करून म्हणाले, "सोनं असतं तर ऱ्हायलं असतं. खोटं निगालं."

नवा जेट दक्षिणेतून पार्सलनं येईपर्यंत त्यांच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, कानावर सगळं गेलं. सून तिच्या बापावरच गेलेली. तिला गाडीची चीड नव्हती, धास्ती होती. सत्तरी गाठलेला बाप एकटा, फोन उचलत नाही, कुठं माळावर उभा राहिला तर कुणाला कळायचं? ती माहेरी गेली आणि मला, म्हणजे तिच्या 'मामांना', साक्षीला घेऊन बापापुढं बसली.

"आण्णा, ह्या नागपंचमीपासनं म्होरच्या नागपंचमीपर्यंत वरीस धरायचं," ती म्हणाली. "तेवढ्यात एकदा जरी मामांच्या ट्रॅक्टरनं गाडी वडून आनली, तर गाडी विकायची. न्हाई आनली, तर मी जन्मात नाव काढनार न्हाई."

"आनि खरंखोटं कोन सांगनार?"

"मामा. मामा खोटं बोलत न्हाईत."

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मिशीवरून हात फिरवला. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. घरी गेलो, गोठ्यातली जाड साखळी काढली, तिला तेल लावलं आणि ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवून दिली. जाईन तिथं साखळी माझ्याबरोबर.

आणि काय सांगू, त्या वर्षी ती गाडी घोड्यासारखी चालली. गणपती झाले, दिवाळी झाली, ऊसतोड झाली. कवठे महांकाळला लग्नाला गेली आणि आली. शिराळ्याला एका पाहुण्याच्या वास्तुशांतीला गेली आणि येताना पाच कलिंगडं घेऊन आली. कलिंगडं शेजारच्या सीटवर होती आणि त्यांनाही पट्टा होता. व्याही मुद्दाम माझ्या बांधाकडेनं जायचे, आणि माझ्या शेतापुढं हॉर्न वाजवायचे. मी पेटी उघडून साखळीला परत तेल लावायचो.

वर्ष संपायला एक दिवस राहिला. आमच्याकडं पंचमीला लेकीला माहेरी न्यायला मुराळी येतो. भाऊ नाहीतर बाप. व्याह्यांनी आठवडाभर आधी निरोप धाडला, की मुराळी गाडी घेऊन येणार आहे, लेकीनं सामान एका पिशवीत बसवावं, डिकीत त्याहून जास्त मावत नाही. सून सकाळपासून नवं लुगडं नेसून दारात. आणि दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. आवाज एवढा बारीक, की मी आधी ओळखलाच नाही.

"पाव्हणं, जरा घाटात येता का? एकटंच या."

आमच्या आणि त्यांच्या गावांच्या मधे एक लहानसा घाट आहे. मी ट्रॅक्टर काढला. आनंदात होतो, लपवत नाही. वळण घेतलं तर हळदी गाडी कडेला, आणि तिच्या टपावर टॉवेल पसरून व्याह्यांनी डब्यातल्या सगळ्या पुड्या उघडून मांडलेल्या. शंभरेक असतील. नव्या धोतरात गुडघ्यावर बसून ते रस्त्यावरून लोहचुंबक फिरवत होते. ॲक्सिलेटरच्या दांडीची पिन पडली होती. बोटाच्या पेराएवढी. इंजिन चालू होत होतं, पण पाय दाबला तरी जोर धरत नव्हतं, आणि पुढं चढ.

"एवढ्या पुड्यांत एक पिन न्हाई व्हय?" मी विचारलं.

"हायेत. अकरा हायेत. समद्या मोडक्या." मग एक पुडी माझ्यापुढं धरून म्हणाले, "धड असत्या तर पडल्या कशाला असत्या."

मी तार गुंडाळून पाहिली, दोनदा निसटली. व्याह्यांनी चुंबक खाली ठेवलं आणि ट्रॅक्टरच्या पेटीकडं पाहिलं. आत काय आहे, हे त्यांना वर्षभर ठाऊक होतं. "काडा साखळी," ते म्हणाले. "लेक दारात हुबी आसंल. तिला वाट बघायला लावून गाडी राखायची, आसं न्हाई मला करायचं." मग गाडीच्या टपावरून त्यांनी हात फिरवला, बैल बाजारात नेताना फिरवतात तसा, आणि पुड्या एकेक बांधायला लागले. प्रत्येक पुडी नीट, आधीच्या घडीवर.

मी पेटी उघडली. साखळी चकाकत होती. वर्षभराचं तेल. मी साखळी बाजूला सारली, पक्कड घेतली आणि ट्रॅक्टरचं बॉनेट उचललं. ट्रॅक्टरलाही ॲक्सिलेटरची दांडी असतेच, आणि तिलाही पिन असते.

"पाव्हणं, ह्ये काय करताय?"

"गप बसा. घाटात वारं लय हाय, मला ऐकू येत न्हाई."

ट्रॅक्टरची पिन गाडीला बसली. एका दमात गाडीनं असा आवाज काढला, की पलीकडच्या झाडावरचे बगळे उठले. आता पिनेवाचून ट्रॅक्टर काही घाट चढणार नव्हता, आणि मी त्या वयात पायी जाणार नव्हतो. तेव्हा, एकदा म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा मोडलं. फेटा काढून मांडीवर घेतला आणि त्या गाडीत उतरलो. व्याह्यांनी वाकून मला पट्टा लावला. किटलीला लावतात तसाच, दोनदा ओढून बघितला. चढावर मी म्हटलं, "वढती की." ते म्हणाले, "व्हय."

दारात पोचलो. सुनेनं एका बाजूनं आणि व्याह्यांनी दुसऱ्या बाजूनं धरून मला वर काढलं. सून माझ्याकडं बघते, गाडीकडं बघते.

"मामा, तुमी ह्या गाडीत? आनि ट्रॅक्टर?"

"घाटात बंद पडलाय," मी म्हटलं. "पिन गेली."

"आनि आण्णांची गाडी?"

"तिनंच मला आनलं. माज्या ट्रॅक्टरनं वडली न्हाई." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सून बापाच्या नव्या धोतराकडं बघत राहिली. गुडघ्यांवर डांबराचे दोन काळे डाग होते. मग तिनं पदर सावरला आणि पिशवी डिकीत ठेवली. म्हणाली, "मग इषय मिटला." निघताना डाव्या दिव्याची चिकटपट्टी सुटली आणि गाडीनं मला डोळा घातला. मी मान वळवली.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी नवी पिन आणून घरी नेला. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो रस्त्यात उभा राहिला, याची गावात दिवाळीपर्यंत चर्चा होती, आणि अजूनही पारावर कुणी ना कुणी ती काढतो. मी म्हणतो, पिन गेली होती. जुनी पिन मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही.

परवाच्या पंचमीला व्याही परत मुराळी होऊन आले. गाडी पहिल्या किल्लीला बंद झाली, पहिल्या किल्लीला चालू झाली. तिचं काही म्हणणं नाही. व्याह्यांना मात्र तिच्यातून वर यायला आता वेळ लागतो. दार उघडतात, एक पाय बाहेर टाकतात, मग जरा थांबतात. हात दिलेला त्यांना आवडत नाही. म्हणून मी दारापाशी पुढच्या चाकाकडं बघत, वाकून उभा राहतो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडतो. उठून उभे राहिले की विचारतात, "चाकाला काय झालंय व्हय?"

"काय न्हाई," मी म्हणतो. "चांगलं हाय."

साखळी मी परत गोठ्याला लावली आहे.