शमुवेलअण्णांची प्रार्थना

प्रार्थना सुरू झाली की शमुवेलअण्णा डोळे इतके घट्ट मिटत, की कपाळावर आठ्या पडत. शेजारी मी डोळे उघडे ठेवून बसलेला. कुपवाडच्या कारखान्यात आमच्या लेथ मशिनी शेजारीशेजारी होत्या. "देवाला मानू नगंस, पेटी तर ऐकशील का न्हाई?" एवढंच बोलून त्यांनी मला पहिल्यांदा मिरजेच्या चर्चमध्ये नेलं.

मी देवबीव मानत नाही. तिथे सगळा इंग्रजी कारभार असेल असं वाटलं होतं. बघतो तर पेटी-तबला, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, आणि आमच्या गावच्या भजनाच्या चालीवर येशूचं गाणं! मला ते आवडलं. पाळकांचं प्रवचन लांबलं की मी पंख्याकडे बघत बसे. कुणी मला विश्वासाचं सांगायला लागलं की अण्णा मध्ये पडत. "आवं, बसू द्या की त्याला गप. बसायला काय बाप्तिस्मा लागतो व्हय?"

अशा माणसापाशी मन मोकळं करायचं नाही तर कुणापाशी? त्या वर्षी माझी बायको सुनंदा भांडून फलटणला माहेरी गेली. ती मिरजेतच मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लोकांना आम्ही सांगितलं, आईच्या दुखण्यासाठी गेलीय. परत यायला ती तयार झाली होती. दवाखान्यात कुणाला कळता कामा नये, एवढीच तिची अट. हे मी फक्त अण्णांना सांगितलं.

"माझ्या पोटातनं भाईर जायाचं न्हाई गड्या," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी लोक उठून प्रार्थनेसाठी आपापली गाऱ्हाणी सांगू लागले. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा. मग अण्णा उठले. डोळे घट्ट मिटलेले.

"बापा, माझ्या शेजारच्या या भावाची बायको भांडून माहेरी बसलीया. तिला लवकर घरी आण."

माझे डोळे उघडेच होते, म्हणून मला दिसलं. बायकांच्या बाजूला सुनंदाबरोबरच्या नर्सा एकेक करून डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात झटकला. "अण्णा, केसानं गळा कापलात माझा."

ते गोंधळलेच. "मी देवाला सांगितलं रं. लोकांना कुठं सांगितलं?"

सुनंदा आली नाही. तिने फलटणलाच नोकरी धरली. मी लेथ बदलून घेतली, चर्च सोडलं. जेवणाच्या सुट्टीत अण्णा दुरून बघत आणि मी पाठ फिरवी. पण वर्षं गेली तसा राग निवला. भोळा माणूस, त्याला चारचौघांतली लाज कळतच नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

मग अण्णा गेले. अंत्यविधीला मी जुन्याच बाकावर बसलो. त्यांची बायको, मार्थाकाकू, माझ्याशेजारी येऊन टेकल्या. "वरीसभर पोटात गाठ व्हती रं. पाळकसायेब इचारायचे, तुमच्यासाठी काय मागू? तर काय न्हाई म्हणायचे. मला शपथ घातली व्हती. चर्चात बोलू नगंस, लोकं बघत्यात."

म्हणजे चारचौघांतली लाज अण्णांना पुरती कळत होती.

पाळकांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मी उठून बाहेर आलो.