गायरानावरचं मैदान

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या मे महिन्यात साखऱ्याजवळच्या एका गावात गायरानावर चार दिवस कबड्डीचे सामने झाले. गावातल्या मेंढ्यांना चरायला तेवढीच मोकळी जागा होती. मैदान आखणारा माणूस मला रोज भेटायचा. बोलताना तो समोरच्याकडे बघत नसे. ढेकूळ उचलून बोटांनी चुरत राहायचा. कबड्डीला लागते त्याच्या कितीतरी पट जागेतले दगड त्यानं वेचून घेतले. मी कारण विचारलं.

"पाव्हण्यांच्या गाड्या लागतील न्हाई का? चार दिवसाचं तर काम हाय."

सामने संपले, मंडप उतरला. मग त्यानं तिथं मेंढ्या चारणाऱ्या धनगराला हाक मारली. "मामा, आठ दिवस कळप इथंच बसवा."

पेरायच्या रानात खत पडावं म्हणून मेंढ्या बसवायची आमच्याकडे रीत आहे.

"काहून मालक? आता ज्वारी कबड्डी खेळणार व्हय?"

"तुमी बसवा तर," तो मातीकडे बघत म्हणाला.

धनगरानं कळप वळवून नेला.

जूनमध्ये त्या जागेला काट्यांचं कुंपण पडलं आणि आत सोयाबीन उगवलं. जुलैत धनगर मेंढ्या घेऊन औंढ्याच्या डोंगराकडे निघून गेला.