शेवट सांगणाऱ्या बाई

फणसवाडीतल्या आमच्या लायब्ररीच्या बाईंना एक खोड आहे. कुणी प्रेमाची कादंबरी घेतली की शिक्का मारता मारता त्या शेवट सांगून टाकतात. "मरतो गं तो. पहिल्या प्रकरणापासून खोकतोय मेला." कोणी चिडलं तर म्हणतात, "रुमाल भिजायचा वाचला ना तुझा?" त्याग करणाऱ्या नायिकांवर तर त्यांचा विशेष राग.

माझा घटस्फोट झाला त्या आठवड्यात मी असलीच एक जाडजूड कादंबरी उचलली. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ही सगळं सोडून देते आणि मग पुस्तकभर रडते. तू काय सोडून आलीस?"

"मिक्सर," मी म्हटलं. "आईने दिलेला. म्हटलं, जाऊ दे."

"जाऊ दे काय? चल."

भरदुपारी लायब्ररीला कुलूप लावून त्या माझ्याबरोबर अँटॉप हिलला आल्या. माझ्या माजी सासूबाईंच्या ओट्यावरून त्यांनी स्वतः मिक्सर उचलला, आणि वर चटणीचं भांडं कुठाय म्हणून विचारलं.

परतताना टॅक्सीत मिक्सर मांडीवर घेऊन मी म्हटलं, "बाई, आता माझं पुढे काय होणार, तेही सांगून टाका."

त्यांनी मिक्सरची लोंबणारी वायर गुंडाळून माझ्या हातात दिली.

"जे वाचलं नाही, त्याचा शेवट मी सांगत नाही."