उभ्याचं आणि उडत्याचं

"उभ्याचं देऊ का उडत्याचं?"

अकोल्यातल्या चाचांच्या चिकनच्या दुकानात नवं गिऱ्हाईक हे ऐकून बावचळायचं. जुन्यांना ठाऊक होतं, उभ्याचं म्हणजे तंगडी आणि उडत्याचं म्हणजे छाती.

"तंगडी दिवसभर उभी राह्यते, म्हनून लाल. छाती जराशी फडफडली का थकली, म्हनून पांढरी."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मंद आणि जलद स्नायुतंतूंवर मी अख्खा तास घालवते, ते चाचा सुरी पुसता पुसता सांगून मोकळे व्हायचे. खरं सांगते, मला थोडा रागच यायचा.

म्हणून एकदा मी शहाणपणा दाखवला. "चाचा, तंगडीत धिमे आणि तेज दोन्ही धागे असतात, एकमेकांत मिसळलेले. आणि ते अंड्यातच घडतात, पिल्लू उभं राहायच्या आधी."

सुरी थांबली. "अंड्यात? मंग त्याले कोनं सांगतलं, का तुले उभं राहा लागते म्हनून?"

सुरुवातीची घडण पेशी आपल्या आपणच करतात, मग नस येऊन त्यात फेरफार करते, एवढं मी सांगितलं. पण 'कोनं सांगतलं' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

"चाळीस साल झाले कापून राह्यलो, मले तं तंगडीत तेज दिसलं नाही. दाखवान का बाई?"

"या ना कॉलेजात. बुधवारी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते."

बुधवारी चाचा दुकान बंद ठेवून आले. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, वर अत्तर. हे मला दुसऱ्या दिवशी शिपायानं सांगितलं. मी अमरावतीला पेपर तपासायला गेले होते आणि दिलेला शब्द साफ विसरले होते. प्रयोगशाळेच्या दाराशी ते तासभर थांबले होते म्हणे.

मी खालमानेनं दुकानात गेले.

"कामात असान बाई," ते म्हणाले. "मी का कुठं पळून राह्यलो? फिर कभी."

आणि माझं चिकन रोजच्याहून निगुतीनं कापून दिलं. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

मग परीक्षा आल्या, सुट्ट्या आल्या. मी पुढं ढकलत राहिले. जूनमध्ये शटर खाली दिसलं तेव्हा शेजारचा अंडेवाला म्हणाला, "चाचा गेले ना बाई. दिल का दौरा."

आता तंगडीच्या स्नायूची रंगवलेली स्लाइड मी दरवर्षी सूक्ष्मदर्शकाखाली लावते. गडद ते धिमे तंतू आणि त्यांच्या मधेमधे फिके ते तेज, आंधळ्यालाही दिसावेत इतके स्पष्ट. चाचांची तेव्हा फार आठवण येते. विद्यार्थी यायच्या आधी मी एकदा पाहून घेते, मग स्टुलावरून उठते आणि जरा बाजूला सरकून उभी राहते.

"या चाचा," म्हणते, "बसा."