बावीस नंबर गेली

दत्तोबाची सारी हयात मेंढरांमागे सरली, पण लांडग्याला भ्याला नाही एवढा तो कॉम्प्युटरला भ्यायचा. चाकणच्या कारखान्यांमागे दुधाळ मेंढ्यांचा फार्म आहे, तिथं तो मेंढ्या राखतो. फार्मच्या रुपालीताई प्रत्येक मेंढीची नोंद कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर कॉम्प्युटरात ठेवतात.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "बावीस नंबर कुठंय?"

"चंद्री व्हय? गेली ती," दत्तोबा म्हणाला. म्हणजे चरायला.

दुपारी कॉम्प्युटरात बावीस नंबरापुढं 'मृत' लिहून ताईंनी हळहळून विचारलं, "कशानं मेली हो?"

"जित्ती हाय की! पुसा ते आधी."

"पुसलं जात नाही, दत्तोबा. मेलेलं यात परत जिवंत होत नाही."

दत्तोबाला दरदरून घाम फुटला. एवढ्या शहाण्या यंत्रानं लिहिलंय म्हणजे आज ना उद्या ते खरं होणार. दोन दिवस तो चंद्रीला चिकटून होता. ती नुसती शिंकली तरी हा मटकन खाली बसायचा. चंद्री मजेत चरत राहिली, वाळला तो दत्तोबा.

तिसऱ्या दिवशी ताईंनी चंद्रीला नव्या नंबराचा बिल्ला लावला, तेव्हा कुठं त्याच्या घशाखाली भाकर उतरली.

आता मेंढी चरायला निघाली आणि ताईंनी विचारलं, की घरातून निघणाऱ्या माणसासारखं तोच तिच्या वतीनं सांगतो, "येतीय."