कापलेला पाय कोणी उचलायचा

"घेऊन जा बाहेर. तुमच्या घराण्याला हे काम नवीन नाही."

सर हे मराठीत बोलले. ऑपरेशन थिएटरात ते मला एकटीलाच कळणार होतं. नर्स केरळच्या, भूल देणारे डॉक्टर ओमानी. टेबलाशेजारी पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाय. गुडघ्याच्या वरून कापलेला. इकडे असा पाय नातेवाइकांच्या हाती देतात, ते दफन करतात. न्यायला अटेंडंट उभा होता. सरांनी त्याला हातानं थांबवलं.

सर पुण्याचे. इथे ओमानात, बौशरमधल्या आमच्या हॉस्पिटलात जनरल सर्जरीचे प्रमुख. अल् घुब्राच्या त्यांच्या फ्लॅटवर मला एकदा जेवायला बोलावलं होतं. आडनाव, गाव, आजोबा काय करायचे, सगळं गोड बोलून काढून घेतलं. मी काही लपवलं नाही. माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. लाज त्यानं कशाला वाटून घ्यायची? ज्यांनी ओढायला लावली त्यांनी घ्यावी. सर आमटी भुरकत म्हणाले होते, वा, छान प्रगती केलीत तुम्ही लोकांनी.

पाय रत्नागिरीच्या एका ड्रायव्हरचा होता. इब्राला किराण्याची गाडी चालवायचा. उजवा पाय. साखरेनं दोन बोटं काळी पडली होती, मांडीतली रक्तवाहिनी बंद. बोटं गेली असती, पाय राहिला असता. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलेली तिथे मी एकटी. सरांना म्हटलं, दुसऱ्या पायातली शीर काढून रक्ताला वाट करून देते, मला द्या ही केस. ते म्हणाले, एवढा घोळ कोण घालत बसणार. कापला. खलास.

माणसाचा पाय जड असतो. दोन्ही हातांवर घ्यावा लागतो. बाहेर ड्रायव्हरचा भाऊ उभा होता. त्यानं तो छातीशी धरला आणि मला विचारलं, "मॅडम, वाचला नसता का हो?"

मी तोंड उघडणार तोच सर मागून आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाले, जीव वाचला हेच नशीब समज. त्या बिचाऱ्यानं मान वळवून सरांच्या हाताला डोळे लावले. सडक्या पायांचा वास मी रोज घेते, मला कधी मळमळत नाही. सरांच्या त्या हातापासून मात्र मी दोन पावलं मागे सरले.

त्याच सुमारास इथल्या डॉक्टरांत वाद पेटला होता. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेला स्वतःचं स्वतंत्र बोर्ड हवं का? म्हणजे त्याची वेगळी परीक्षा, आणि ती पास झाल्याशिवाय या केसेसना हात लावायचा नाही. आमच्या हॉलमध्ये सभा भरली. सर बोलले, हे जनरल सर्जरीचंच लेकरू आहे, वेगळी चूल कशाला? मग मला पुढे बोलावलं. मी काय बोलायचं ते त्यांनी आदल्या दिवशीच पढवलं होतं. वेगळं शिक्षण घेतलेलीच जर नको म्हणाली, तर वजन पडणार होतं.

मी माइक घेतला. ड्रायव्हरचं नाव न घेता केस सांगितली. मी काय सुचवलं होतं ते सांगितलं. सरांनी काय केलं ते सांगितलं. आणि म्हटलं, "त्याचा पाय रोगानं गेला नाही. ज्याला येत नव्हतं त्यानं ठरवलं, म्हणून गेला. बोर्ड वेगळंच हवं."

कुणी टाळी वाजवली नाही. निर्णयही झाला नाही, कमिटी नेमली. बाहेर सरांनी मला कोपऱ्यात गाठलं. आवाज हळू, तोंडावर तेच जेवणाच्या दिवशीचं हसू. "तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्या हातात आहे, विसरू नकोस. शेवटी जातीवर गेलीस."

मला त्या हसण्याची किळस आली. तसं तोंडावरच सांगितलं, अगदी सावकाश.

"कॉन्ट्रॅक्ट फाडा, सर. मी असेन तिथे हेच बोलणार. आणि इथे आहे तोवर, मला न विचारता पाय कापलात तर तो उचलायचा तुम्ही. बाहेर न्यायचा तुम्ही. आणि भाऊ विचारेल त्याला उत्तरही तुम्हीच द्यायचं, मराठीत."