दहाव्याला आलेले साहेब

“इथं पाणपोई घातलीय का तुझ्या बापानं?”

असं म्हणून फौजदारानं माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. टोपण फिरवलं. अन् चौकीच्या पायरीवर सगळं पाणी ओतलं. सावकाश. माझ्या पायांवर.

आत भिंतीपलीकडं माझा भाऊ भिवा ओरडत होता. “ताई, भाकर नको, पाणी दे.” मला ऐकू येत होतं, म्हणजे फौजदारालाही येत होतं. तो चिडला नाही, हसलाही नाही. रिकामी बाटली माझ्या हातात परत दिली अन् म्हणाला, “घरी जा. उन्हात कशाला उभी राहतेस.”

दिवस मावळायच्या आत भिवा गेला. मोरीत पाय घसरून पडला म्हणे.

त्याचा गुन्हा काय, तर आप्पांची नदीवरची पाण्याची मोटर नाहीशी झाली होती. आप्पा म्हणजे खालच्या गावचे बागायतदार. माझ्या बापानं सगळी हयात त्यांच्या मळ्यात घातलेली. पण मोटर गेल्यावर संशय कुणावर जाणार? डोंगरातल्या कोळ्याच्या पोरावर. दुसरं कोण सापडतंय. पुढं मोटर सापडली, नदीच्या गाळात. धरणाचं पाणी सुटलं तेव्हा वाहत गेली होती. आप्पांनी ती धुऊन पुसून परत बसवली. अजून चालते ती.

बा सही करायला शिकलेला नव्हता. पण तो पुण्याला जाऊन आला, एका वकीलबाईला घेऊन आला. फौजदारावर केस उभी राहिली. त्याला अटक झाली, नोकरीवरून बाजूला काढलं. अन् मग जामीन झाला. त्या दिवशी आम्ही दोघं कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलो होतो. मी रडले. वकीलबाई म्हणाल्या, “रडू नकोस. अटी ऐक. खटला संपेपर्यंत त्यानं आंबेगाव अन् जुन्नर तालुक्यात पाय ठेवायचा नाही. साक्षीदाराला भेटायचं नाही, बोलायचं नाही, कुणाच्या हाती निरोप धाडायचा नाही.”

बानं विचारलं, “अन् ठिवला पाय तर?”

“तर जामीन रद्द. परत आत.”

बाला ते लई आवडलं. पोरगं तर परत येणार नव्हतं. पण एवढ्या मोठ्या साहेबाला आपल्या मुलखात यायची बंदी, ही गोष्ट त्याला देवाच्या कौलासारखी वाटली. बाजारात, एसटीत, कुणी विचारो न विचारो, तो सांगायचा. “आपल्या तालुक्यात न्हाई येऊ शकत त्यो. कोर्टानंच सांगितलंय.” ताठ चालायला लागला होता म्हातारा.

मी आळेफाट्याला एका हॉटेलात भाकरी थापायला लागले. आळेफाटा जुन्नर तालुक्यात, म्हणजे तिथंही तो येणार नव्हता. चौकीतलं पाहिलेलं, ऐकलेलं सांगणारे साक्षीदार दोनच, त्या दिवशी फाटकापाशी उभा असलेला बा अन् मी. दोघंही आपापल्या जागी सुखरूप होतो. तारखा पडत होत्या. एक गोष्ट तेवढी सुटत नव्हती. बाहेर गिऱ्हाईक नवी बाटली उघडायचं, टोपण कटकन वाजायचं, अन् माझ्या पायांवर पाणी पडल्यासारखं व्हायचं. मी खाली बघायची. पाय कोरडे असायचे.

मग बा गेला. झोपेत गेला. साक्ष द्यायची राहिली.

आमच्याकडं दहावा नदीवर होतो. गरिबाच्या दहाव्याला काय असतं, चार पाहुणे, भटजी, पिंड, अन् कावळ्याची वाट. पण त्या सकाळी घोड नदीच्या घाटावर जाऊन बघते तर मांडव. खुर्च्या. स्पीकर. प्रवचनाला महाराज. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. आप्पा पुढं आले, डोक्यावरनं हात फिरवला, म्हणाले, “तुझ्या बानं आमच्या मळ्यात जिंदगी काढली, पोरी. दहावा नीट व्हायला पायजे. खर्चाचं तू बघू नगं.”

खरं सांगते, मला भरून आलं. बापाच्या दहाव्याला स्पीकर. चुलती म्हणाली, “नशीब काढलं म्हाताऱ्यानं.”

प्रवचन झालं. चुलतभावानं पिंड मांडले. मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या. हे आमच्याकडचं नवं फॅड, दहाव्याला माइक असला की ज्याला त्याला बोलायचं असतं. एक जण बोलला, दुसरा बोलला. तिसऱ्याचं नाव पुकारायच्या आधीच पुढच्या खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

तो आला होता.

पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, डोक्याला रुमाल. सगळ्यांना हात जोडत, वाट काढत, थेट माइकपाशी. म्हणाला, “बाबा मला वडिलांसारखे होते. आमच्यात काही गैरसमज झाले. पण माणूस गेला की वैर संपतं, ही आपली संस्कृती आहे.”

पुढच्या माणसांनी माना डोलावल्या. मला वाटलं मी चुकीचं बघतेय. हाच का तो? आवाज तोच होता. घाई नसलेला.

माइक ठेवून तो बायकांच्या बाजूला आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. हातात पाण्याची नवी बाटली होती. टोपण फिरवलं. कटकन वाजलं.

“पाणी घ्या, ताई,” तो म्हणाला. “आता घरात मोठं तुम्हीच. समजुतीनं घ्या.”

ताई. भिवा मला ताई म्हणायचा. दुसरं कुणी नाही. ते त्यानं भिंतीच्या अलीकडं उभं राहून ऐकलं होतं, अन् लक्षात ठेवलं होतं.

 पायांवर पाणी पडत होतं. खाली बघायची हिंमत होईना.

“घे की,” आप्पा मागून म्हणाले. “मयताला वैरी बी येतो. आलेल्या माणसाचा मान ठिवावा.”

तिकडं कावळा शिवेना. पिंड उन्हात वाळत होते. लोकं रुमालानं वारा घेत होती. एक जण पिंडापाशी जाऊन म्हणाला, “पोरीकडं बघतो.” कावळा हलेना. दुसरा म्हणाला, “घरावर पत्रं टाकतो.” बाभळीवर बसून होता कावळा, बघत होता नुसता. मग आप्पाच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“म्हाताऱ्याचा जीव केसमधी अडकलाय. हो पुढं, पोरी. हात जोड अन् म्हण, बा, केस सोडते. बघ कावळा कसा येतो.”

सगळा घाट माझ्याकडं बघायला लागला. चुलतीनं कोपर मारलं. “म्हण गं बाई. लोकं तापली उन्हानं.”

तेव्हा मला कळलं. मांडव बासाठी नव्हता. खुर्च्या बासाठी नव्हत्या. चार पाहुण्यांत तो आला असता तर चोरासारखा दिसला असता. गर्दीत आला की पाहुणा झाला. त्याला तालुक्यात शिरायला आडोसा पाहिजे होता, अन् आडोसा म्हणून त्यांनी माझ्या बापाचं मरण वापरलं. जित्या बापाकडून फुकट काम घेतलं, मेल्यावरही घेतलं. अन् मी मघाशी त्याच मांडवात उभी राहून आप्पांच्या पाया पडले होते.

मी उठले. बाटली घेतली नाही. लोकांना वाटलं पिंडाकडं निघाले. मी माइकपाशी गेले. दोन्ही हातांनी तो धरला.

त्याचं नाव घेतलं. त्याच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट, कोर्टात पुकारतात तसं. अन् म्हणलं, “हा माणूस आत्ता आंबेगाव तालुक्यात उभा आहे. कोर्टानं याला इथं पाय ठेवू नको म्हणून सांगितलंय. मी साक्षीदार आहे. माझ्याशी बोलू नको म्हणून सांगितलंय. हा बोलला. सगळ्यांनी बघून ठेवा.”

स्पीकर बंद झाला. कुणी वायर ओढली माहीत नाही. तो उभा राहिला, पॅन्ट झटकली, पुन्हा सगळ्यांना हात जोडले. “दुःखात आहेत त्या,” म्हणाला. “माणूस बोलतो.”

अन् गेला.

वकीलबाईंनी जामीन रद्द करायचा अर्ज टाकला. घाटावर होते त्यांना मी एकेकाला जाऊन विचारलं. सांगाल का? “आमचं तोंड नदीकडं व्हतं. आमी कावळ्याकडं बघत व्हतो.” दुसऱ्याला विचारलं, तोही कावळ्याकडं बघत होता. सगळा गाव कावळ्याकडं बघत होता. असा कावळा कुणी पाहिला नसेल. चुलतभाऊ तेवढा खरं बोलला. “मी बघितला त्याला. पण मला आप्पांच्या मळ्यातच पोट भरायचंय.” त्याच्यावर मला राग धरता आला नाही.

कोर्टात त्याचा वकील म्हणाला, “साहेब तिथं गेलेच नव्हते. नाशिकला निघाले होते.” अन् लगेच पुढं म्हणाला, “आणि गेले असतील, तर माणुसकीनं सांत्वनाला गेले. दहाव्याला जाणं हा अटींचा भंग कसा होईल?”

न्यायाधीशांनी मला विचारलं, “त्यांनी तुम्हाला धमकी दिली?”

“नाही.”

“काय म्हणाले?”

“पाणी घ्या म्हणाले.”

मागं कुणीतरी हसलं. मी मागं वळून बघितलं नाही. म्हणलं, “साहेब, मला पहिल्या बाटलीपासून सांगू द्या.” अन् सांगितलं. पायरी, टोपण, माझे पाय, भिंतीपलीकडून आलेलं ताई. सांगताना घसा कोरडा पडला. शिपायानं पाण्याचा ग्लास पुढं केला. मी नको म्हणलं. कोरड्या घशानंच सगळं बोलले. तो समोर बसून होता, हात मांडीवर ठेवून, माझ्याकडं बघत.

निकाल राखून ठेवलाय. अट मोडली का नाही, ते अजून ठरायचंय. मूळ खटल्याची तारीख लागलीय. तिथं चौकीतलं सांगायला आता मी एकटीच.

दहाव्याला कावळा शिवला नाही तो नाहीच. भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला अन् लोकं उठली. पण चुलती म्हणते म्हातारा फिरतो, भीमाशंकरच्या रस्त्याला तिनं त्याला पाहिला, ताठ चालत होता. गावात मला ऐकवतात, बापाचा जीव अडकलाय तुझ्या केसपायी, सोडव त्याला. आप्पांनी तोच निरोप दोनदा धाडला.

अडकू दे. मला तो हवाय तसाच, अडकलेला. भिवानं पाणी मागितलं होतं हे मूळ खटल्यात, भरल्या कोर्टात बोलून होईपर्यंत मी माझ्या बापाला सोडवणार नाही.